वर्तुळं, कूलर आणि अर्धशिशी: तीन चित्रांच्या कामाची नोंदवही

६ एप्रिल

काम पक्कं झालं. नागपुरात धरमपेठेतल्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टर दवाखान्याला नवा रंग देऊन घेताहेत. बाहेरच्या खोलीत सूर्यफुलांचे फोटो नकोत, दिसण्याशी संबंध असलेलं काहीतरी लावू, असं त्यांचं म्हणणं. तीन चित्रं करायची ठरली.

पहिलं चित्र दोन लाटांचं. दोन बिंदूंपासून निघालेल्या लाटा एकमेकींत मिसळल्या की जे पट्टे उमटतात ते. त्यासाठी एककेंद्री वर्तुळांचे दोन ताव काढायचे, एक खाली पक्का, एक वर सरकणारा. दुसरं, अर्धशिशी उठायच्या आधी मला जी झगमगती दातेरी कड दिसते ती, जमलं तर मोजून. तिसरं, हायडिंगरचा ब्रश. पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाकडे पाहताना नजरेच्या मधोमध फिकट पिवळी बो-टाय दिसते, ती.

सगळं हातानं. पहिलं चित्र कॉम्प्युटरवर करून छापून घेतलं तर चहा उकळेपर्यंत होतं, हे मलाही कळतं. पण ऑटोकॅड यायच्या आधी मी आर्किटेक्टच्या ऑफिसात पेनानं नकाशे काढलेले आहेत, हत्यारं माळ्यावर पडून आहेत, आणि हाताची रेघ असल्या चित्रात कुठवर टिकते ते बघायचं आहे. कुणाला असंच काही करायचं असेल तर वेळ आणि पैसे कुठे जातात ते या नोंदींतून कळेल.

माळ्यावरून खाली आलं ते: ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, गुण्ये, कर्कटक, टेक्निकल पेन धरणारा कंपास आणि मोठ्या वर्तुळांसाठी बीम कंपास. पेनांपैकी ०.३ चालू आहे. १.० ची नळी वाळून दगड झाली होती, ती नवी आणली. ट्रेसिंग पेपर बर्डीवरून, ९० जीएसएमचा रोल.

९ एप्रिल

पहिला ताव. दोन वर्तुळांतलं अंतर २ मिमी, रेघेची जाडी १ मिमी, म्हणजे जितकं काळं तितकंच पांढरं. असं अर्धं-अर्धं ठेवलं की पट्टे सगळ्यात ठळक उठतात. सर्वांत बाहेरची त्रिज्या १८० मिमी, म्हणजे ९० वर्तुळं.

जाड रेघ वाळायला वेळ घेते. शेजारचं वर्तुळ लगेच काढलं तर कंपासचा पाय ओल्या शाईत जातो, म्हणून सकाळी एक सोडून एक काढली आणि मधली दुपारी. इथेच घोटाळा झाला. कंपासची सुई तेवढ्या वेळात ट्रेसिंगचं भोक रुंद करते. दुपारची वर्तुळं सकाळच्यांपेक्षा जराशी डावीकडे बसली. डोळ्यांना ते अंतर दिसत नाही, पण तावाच्या डाव्या-उजव्या अंगांना रेघा जोडीजोडीनं आल्यासारख्या वाटतात आणि वर-खाली नाही. ताव बाद.

उपाय जुनाच, ऑफिसात करायचो तो. जुन्या एक्स-रे फिल्मचा नखाएवढा तुकडा केंद्रावर चिकटवायचा आणि सुई त्यात रोवायची. फिल्मचं भोक वाढत नाही. काम झाल्यावर हेअर ड्रायरची गरम हवा दिली की टेप अलगद निघते.

१३ एप्रिल

दोन्ही ताव तयार झाले, एकावर एक ठेवले, केंद्रं १६ मिमी लांब केली. यायला हवे होते हायपरबोला, म्हणजे मधली सरळ पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना बाहेर झुकत जाणारे वक्र. आले ते सगळे एका बाजूला कलंडलेले, आणि कडेला भलतेच बंद गोल.

भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा आहे, दुसऱ्या तावाच्या त्रिज्या त्यानंच कर्कटकानं एकापुढे एक पावलं टाकत आखल्या होत्या. पाऊल जेमतेम दोन शतांश मिलिमीटरनं जास्त पडलं तरी नव्वद पावलांत पावणेदोन मिलिमीटर होतात, जवळपास अख्खं एक वर्तुळ. माझा ताव पट्टीवरून आखलेला. दोघांचं जुळणार कसं?

हे चित्र रेघ दाखवतच नाही, दोन रेघांमधला फरक दाखवतं, आणि तोही कितीतरी पट मोठा करून. रेघ जागोजागी थरथरली तर ते कुणाला दिसत नाही, कारण थरथर इकडे तशी तिकडे, पट्ट्याच्या रुंदीत विरून जाते. पण एकाच दिशेनं साचत गेलेली चूक पट्ट्यांत लगेच उठून दिसते. हाताची भीती वाटायचं कारण नाही, भीती मोजण्याच्या पद्धतीची ठेवायची.

म्हणून आता कर्कटक बंद. कार्डशीटची एक लांब पट्टी कापली, तिच्यावर स्टीलच्या पट्टीवरून प्रत्येक खूण शून्यापासून मोजून टिंबली, आणि दोन्ही तावांच्या त्रिज्या या एकाच पट्टीवरून घेतल्या. एखादी खूण थोडी चुकली असेल तर ती दोन्हीकडे सारखीच चुकेल, आणि सारखी चूक या चित्रात दिसत नाही.

२० एप्रिल

जमलं. मधोमध पांढरी सरळ पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना सात-सात वक्र. केंद्रांतलं अंतर १६, वर्तुळांतलं २, भागाकार ८. आठवा पट्टा केंद्रं जोडणाऱ्या रेषेवरच बाहेर पळतो, म्हणून मोजायला सातच मिळतात. केंद्रांपासून १६० मिमी खाली पट्टी धरून मोजलं, पांढऱ्यापासून पांढऱ्यापर्यंत जवळपास २० मिमी. हिशेबानंही तेवढेच येतात: २ गुणिले १६० भागिले १६.

भाचा म्हणाला, "मावशी, हा तर आमचा इंटरफिअरन्सचा धडा!" वरचा ताव तो इकडून तिकडे सरकवत बसला. केंद्रं लांब गेली की पट्टे दाटतात, जवळ आली की पसरतात. पुस्तकातल्या सूत्रापेक्षा हे त्याच्या जास्त लक्षात राहणार. थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानं १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांतही असंच चित्र आहे, दोन बिंदू आणि त्यांच्याभोवतीच्या लाटा. प्रकाश लाटेसारखा वागतो हे लोकांना पटवायला त्याला पाण्यातल्या लाटांचा आधार घ्यावा लागला होता.

ताव पाटावर ठेवून वर काच ठेवली आणि उठले.

२८ एप्रिल

आठवडाभर नीट असलेलं चित्र काल संध्याकाळी बिघडलं. मधला भाग ठीक, पण उजव्या-डाव्या कडेला जिथे पांढरं होतं तिथे काळं. रात्री पुन्हा पाहिलं तर आणखी सरकलेलं. कुणी हात लावला म्हणून घरात विनाकारण चौकशी झाली.

गुन्हेगार कूलर. परवाच लावला, नवीन ताट्या घालून. नागपुरातला एप्रिल एरवी इतका कोरडा असतो की खोलीतला कागद कडक होऊन पडतो. कूलर सुरू झाला की त्याच खोलीची हवा दमट होते. ट्रेसिंग पेपर ओल प्यायला फारच तयार असतो, आणि फुगतो तो सगळीकडून सारखा नाही, धाग्याला आडवा जास्त. माझा एक ताव रोलच्या लांबीत कापलेला, दुसरा रुंदीत, तीन-चार इंच रोल वाचवायला. एक उभा फुगला, दुसरा आडवा.

आकडा टाकून पाहिला. कागद अर्ध्या टक्क्यानं वाढला तर १८० मिमीच्या कडेला ०.९ मिमी होतात. दोन मिमीच्या वर्तुळांत एवढं सरकलं की रेघ जवळजवळ मोकळ्या जागेवर येते, आणि पांढऱ्याचं काळं होतं.

दोन्ही ताव एकाच दिशेत कापले तर भागेल का? बऱ्यापैकी भागेल, पण दवाखान्यात एसी आहे, दार सारखं उघडं-बंद, आणि जूनमध्ये पाऊस. कागद सोडून देणं शहाणपणाचं.

३ मे

पॉलिस्टरची ड्राफ्टिंग फिल्म. ओलीनं हलत नाही म्हटलं तरी चालेल. पूर्वी कुठल्याही ड्रॉइंगच्या दुकानात मिळायची. आता बर्डीवर "कोण वापरतं हो आता?" असं उत्तर मिळालं, महालात एका जुन्या दुकानदारानं गोदामातून पिवळी पडलेली एक गुंडाळी काढली ती सुरकुतलेली. शेवटी मागवून घेतली. ए-२ चा एक ताव दीडशेच्या पुढे पडला, ट्रेसिंगच्या कितीतरी पट.

फिल्मवर शाई धरेना. रेघ सुटते आणि तिचे मणी होतात. बोटांचं तेल हे कारण. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घेतल्यावर बरं झालं, पण दुसऱ्या हाताचा तळवा जिथे टेकतो तिथे पुन्हा तेच. आता तळव्याखाली कोरा कागद ठेवून काम करते. शाईही फिल्मची वेगळी घ्यावी लागली. शिवाय फिल्मचा पृष्ठभाग खरखरीत असल्यानं पेनाची नळी झिजते, नव्या १.० ची रेघ शेवटच्या वर्तुळांपर्यंत किंचित जाड झालेली भिंगाखाली दिसते.

आणि आता उलटा त्रास. कूलर बंद ठेवला तर हवा इतकी कोरडी की पेन दोन वर्तुळांच्या मधे वाळतं. पंखा लावला तर आणखी लवकर. यावर उपाय म्हणजे पहाटे साडेपाचला बसायचं, आठच्या आत उठायचं, पंखा-कूलर दोन्ही बंद, आणि पेन ठेवायला प्लॅस्टिकच्या डबीत ओला स्पंज. या दिवसांत दुपारी बारीक कामाचा नाद सोडावा. घामाचा एक थेंब आणि नव्वदातली साठ वर्तुळं गेली.

१२ मे

काल दुपारी दोनच्या सुमारास ऑरा, म्हणजे अर्धशिशीच्या आधीची ती दातेरी कड, आला. उन्हातून आल्यावर मला येतो तसा. या वेळी तयारी होती, म्हणून मोजता आला.

तयारी अशी. भिंतीवर ए-२ कार्ट्रिज कागद आडवा लावलेला, त्याच्या डाव्या भागात एक काळा ठिपका. ठिपक्याजवळच्या खिळ्याला ५७ सेमीचा दोरा. दोऱ्याचं टोक नाकाला लागेल असं बसलं की कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे नजरेचा जवळपास एक अंश. नजर ठिपक्यावर, एका हातात पेन्सिल, शेजारी घड्याळ घेऊन भाचा. तो पाच मिनिटं झाली की सांगतो आणि मी कडेची जागा टिंबते. ठिपक्यावरून नजर हलली की कडही तिच्याबरोबर हलते, म्हणून कडेकडे पाहायचा मोह टाळायचा. हे सगळ्यात अवघड. माणूस आयुष्यभर जे दिसतं तिकडे वळूनच पाहतो.

सुरुवात ठिपक्याच्या उजवीकडे, एखादा सेमी. तिथला भाग गायब, पण भोक दिसत नाही, नुसतं काही नाही. मग कड उमटली, मे महिन्यात वर्धा रोडवरच्या डांबरावर हवा थरथरते तशी, फक्त टोकदार दात्यांची. पाच मिनिटांनी साडेतीन सेमी, दहा मिनिटांनी नऊ, पंधरा मिनिटांनी चोवीस. मग कागदाबाहेर गेली. मधे एकदा डावा डोळा मिटून पाहिला, एकदा उजवा. दोन्हींत सारखीच, कारण ती डोळ्यात नसते, मेंदूच्या मागच्या भागात असते. मग नेहमीचं डोकं, अंधारी खोली, आणि दिवस गेला.

ज्यांना हे पहिल्यांदाच दिसेल त्यांनी कागद-पेन्सिल शोधत बसू नये, डॉक्टर गाठावा. असं दिसण्याची कारणं इतरही असतात. मला निदान होऊन वर्षं झाली आहेत.

१५ मे

टिंबं जोडून वक्र काढले. दर पाच मिनिटांनी अंतर अडीच ते साडेतीनपट होतंय: एक, साडेतीन, नऊ, तेवीस-चोवीस. कड बाहेर जाताना धावायला लागते असं वाटतं, पण ती कड उमटवणारी मेंदूतली लाट एकाच संथ चालीनं सरकत असते. नजरेच्या मधल्या अंशांना मेंदूत ऐसपैस जागा मिळालेली आहे, कडेच्या अंशांना चिमूटभर. तेवढ्याच मिलिमीटरांत कडेचे जास्त अंश उरकतात. कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञानं १९४१ मध्ये स्वतःचे ऑरा असेच कागदावर मोजून लाटेचा वेग काढला होता, मिनिटाला साधारण ३ मिमी. तीन वर्षांनी लेआओ या संशोधकानं सशाच्या मेंदूवर तशीच सरकणारी लाट नोंदवली.

त्याच्याही आधी, १८७० मध्ये, ह्यूबर्ट एअरी या डॉक्टरनं स्वतःच्या ऑराची चित्रं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापली. त्याचे वडील जॉर्ज एअरी खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीतून तारा पाहताना ठिपक्याभोवती जी कडी दिसतात त्यांचं गणित त्यांचं. त्यांनाही ऑरा यायचा आणि त्यांनी १८६५ मध्ये तो लिहून ठेवला होता. बापलेकांच्या घरात वर्तुळं एका टेबलावर आणि दातेरी कड दुसऱ्यावर, हे वाचल्यापासून माझी पहिली दोन चित्रं शेजारी-शेजारीच लावायची असं मी ठरवलं आहे. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

२० मे

दाते काढणं चालू. ३०० जीएसएमचा गुळगुळीत कागद, ०.३ पेन. प्रत्येक दात्यात तीन-चार आखूड समांतर रेघा, आणि शेजारच्या दात्यातल्या रेघांची दिशा वेगळी. आतले दाते लहान, बाहेरचे मोठे, कारण दिसतंही तसंच.

प्रश्न आहे तो झगमगीचा. कागद स्थिर, आणि ऑराचा जीव थरथरण्यात. रंगानं येत नाही, पांढरं जेल पेन वापरून पाहिलं, नुसतं दिवाळीचं ग्रीटिंग झालं. येतं ते दाट काळ्या-पांढऱ्या रेघांनीच. डोळा एका जागी ठेवला तरी बारीक हलत असतो, आणि रेघा दाट असल्या की ते हलणं चित्रात दिसायला लागतं. डोनाल्ड मॅके या संशोधकानं १९५७ मध्ये केंद्रातून निघणाऱ्या किरणांसारख्या रेघांचं चित्र दाखवलं होतं, ते असंच वळवळतं. म्हणून दात्यांत रेघा भरल्या, आतल्या दात्यांत ०.८ मिमीच्या अंतरानं, बाहेर वाढवत ४ मिमीपर्यंत. थरथर अशी आली की मला स्वतःला सलग अर्धा तास बसवेना.

२४ मे

डॉक्टर पाहायला आल्या. पहिल्या चित्रावर खूष. दुसऱ्यासमोर उभ्या राहिल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "काकू, हे माझ्याकडे लावलं तर अर्धे पेशंट डोकं धरून आत येतील."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. पट्टेदार नमुना एका अंशात काळ्या-पांढऱ्याच्या तीनेक जोड्यांच्या आसपास आला की तो डोळ्यांना सर्वांत जास्त टोचतो. अर्धशिशीवाल्यांना त्रास होतो, आणि ज्यांना पट्ट्यांनी फिट येते त्यांना तर धोकाच. माझ्या बाहेरच्या दात्यांतल्या रेघा ३-४ मिमीच्या अंतरानं, आणि ५७ सेमीवरून एका अंशाला १० मिमी. बरोबर तीन जोड्या. जणू त्रास द्यायलाच मोजून काढले होते. त्यात तिथे बसणाऱ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले असणार.

"मग झगमग काढूनच टाकू का?" मी विचारलं.

"काढू नका. दिसलं पाहिजे, पण बोचायला नको."

जे पेशंट 'डॉक्टर, असं असं दिसतं' म्हणताना हातवारे करतात, त्यांना बोट दाखवायला चित्र हवं, हा त्यांचा हिशेब. मला पटला. नव्यानं काढणार. रेघा सगळीकडे १.२ मिमीच्याच, बाहेर गेल्यावर दाते मोठे पण भरणी तेवढीच बारीक. काळ्याऐवजी सेपिया शाई, पांढऱ्याऐवजी दुधी कागद. भरलेला भाग निम्मा, बाकी दात्यांची नुसती बाह्यरेघ. आठवडाभराचं काम गेलं. पहिली प्रत घरात उलटी करून ठेवली आहे.

१ जून

हायडिंगर. हे सर्वांत सोपं वाटलं होतं.

आधी पाहायचं कसं ते, कारण माझ्या ओळखीत कुणीच पाहिलेला नव्हता. एलसीडी स्क्रीन पूर्ण पांढरा करायचा, त्याच्याकडे पाहत डोकं हळूहळू एका खांद्याकडून दुसऱ्याकडे झुकवायचं. नजरेच्या मधोमध पिवळसर बो-टाय उमटते. थांबलं की दोन-तीन सेकंदांत विरते. आकाशातही दिसतो. सूर्य मावळताना डोक्यावरचं स्वच्छ आकाश पाहायचं, तिथला प्रकाश सर्वांत जास्त पोलराइज्ड असतो, आणि पिवळ्याची टोकं सूर्याच्या दिशेला असतात. फुटाळा तलावावर जाऊन पाहिलं. गर्दीत मान वर करून डोकं हलवणारी बाई पाहून चार जणांनी वर पाहिलं.

विल्हेल्म हायडिंगर हा ऑस्ट्रियातला खनिजं अभ्यासणारा, त्यानं १८४४ मध्ये नोंदवलं. नजरेच्या मध्यावरच्या पिवळ्या ठिपक्यातलं रंगद्रव्य निळा प्रकाश एका दिशेत जास्त गिळतं, त्यामुळे हे घडतं. डॉक्टरांच्या कामाचा यासाठी की नजर पिवळ्या ठिपक्यावरच टेकते आहे ना, हे तपासायला तो वापरतात. सी. व्ही. रामन यांनीही शेवटच्या वर्षांत दृष्टीवरच काम केलं होतं. १९१० मध्ये ते सरकारी हिशेबखात्यात नोकरीला नागपुरातच होते, आणि गांधीसागराजवळचं विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं आहे.

चित्रात मात्र पिवळा रंग लावला की हळदीचा डाग. पातळ केला तरी डाग, फिकट डाग. निळा शेजारी लावला की शाळेच्या झेंड्याचं रंगकाम. तीन कागद वाया गेल्यावर निळा काढूनच टाकला. आधी पूर्ण कागदावर अगदी हलका राखाडी वॉश दिला, तो वाळल्यावर मधे पाच सेंटीमीटरची पिवळी बो-टाय, पाण्यात जेमतेम रंग असलेल्या सहा-सात थरांत, कडा ओल्या ब्रशनं विरवून. आता पिवळ्याच्या दोन्ही कुशींतला राखाडी आपोआप निळसर दिसतो. डोळा शेजारच्या रंगाचा उलटा रंग स्वतःच भरतो. कागदाच्या फटीतून तेवढाच भाग पाहिला तर राखाडीच. पाच सेमी यासाठी की हातभर लांबून पाहिलं तर तो जवळपास खऱ्याच आकाराचा दिसेल.

थर वाळायला नवतपातल्या दुपारी पाच मिनिटं पुरली. एवढं एक त्या उन्हानं माझ्यासाठी केलं.

८ जून

फ्रेम. इतवारीतल्या फ्रेमवाल्यांकडे. पहिल्या चित्राची वरची फिल्म सरकवून पाहिली आणि ते म्हणाले, "ताई, हे पाहून डोये गरगर करून राहिले ना! काय लावता हे दवाखान्यात?" मग सरकवत बसले.

सरकत्या फिल्मचं घोडं इथेच अडलं. त्यांनी दोन फिल्मांच्या मधे ३ मिमीचं अ‍ॅक्रेलिक घातलं, सरकायला सोपं म्हणून. घरी येऊन पाहते तर चित्र धूसर, आणि पट्टे वाकडे. धूसर यासाठी की मॅट फिल्म खालच्या शाईला टेकलेली असली तरच आरपार दिसतं. वाकडे यासाठी की मागचा ताव तीन मिमी लांब गेल्यानं किंचित लहान दिसतो. अर्ध्या मीटरवरून अर्धा टक्का, म्हणजे कूलरनं केलं होतं तेवढंच.

परत नेलं. आता दोन्ही फिल्म एकमेकींना चिकटून, पण शाईची बाजू बाहेर. वरच्या फिल्मची शाई काचेकडे, खालचीची शाई मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे. कोऱ्या बाजू एकमेकींवर घासतात, शाई कशालाच घासत नाही. वर्तुळंच असल्यानं उलटं-सुलटं सारखंच. काचेला फिल्म लागू नये म्हणून कडेनं माउंटबोर्डच्या दोन मिमीच्या पट्ट्या. सरकवायला उजव्या चौकटीतून बाहेर आलेली पितळी मूठ, आणि केंद्रं ४ मिमीपेक्षा जवळ किंवा २४ पेक्षा लांब जाणार नाहीत असे दोन अटकाव.

१७ जून

लावली. वर्तुळं आणि ऑरा शेजारी-शेजारी, डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जागा मात्र त्यांनी ठरवली, खुर्च्यांसमोर नाही, आत जायच्या बोळात, म्हणजे कुणाला वीस मिनिटं सक्तीनं पाहावं लागणार नाही. हायडिंगरच्या समोर खिडकी होती, उजेड काचेवर पडून पिवळं दिसेना. ते चित्र दुसऱ्या भिंतीवर हलवलं.

ऑरासमोर डॉक्टरांची रिसेप्शनची मुलगी थांबली आणि म्हणाली, "मला हेच दिसतं, पण डावीकडे." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासायला बसवलं.

५ जुलै

पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले. फिल्मचे पट्टे जागचे हलले नाहीत, मधल्या पट्टीपासून सात वक्र अजून मोजता येतात. मागचा पुठ्ठा मात्र ओलीनं फुगून मधे पोटासारखा आलाय आणि खालची फिल्म त्याच्यावर चढते, त्यामुळे मूठ जड फिरते. पुठ्ठ्याऐवजी ३ मिमीचं फोमबोर्ड टाकायचं आहे, फ्रेमवाले शनिवारी या म्हणालेत.

खर्चाचा हिशेब, कुणाला लागला तर: फिल्म, शाई आणि नळ्या मिळून अडीच हजारांच्या आसपास, तीन फ्रेमा सव्वापाच हजार, वाया गेलेलं ट्रेसिंग आणि कागद सातशेच्या घरात. ट्रेसिंग पेपरवर सुरुवात केली नसती तर निदान तीन आठवडे वाचले असते. उरलेली फिल्म गुंडाळी न करता सपाट ठेवली आहे. भाच्याला आता सरळ रेघांचे दोन ताव हवेत, पाच अंशांनी फिरवलेले, २ मिमीच्या अंतरानं. पट्टे २३ मिमीवर येतील असं त्यानं गणित करून ठेवलंय. खुणांची पट्टी त्याला दिली आहे, कर्कटक माझ्याकडे ठेवलंय.